ओल्या हातातून रॉड सटकतो? मूठ अशी सुधारा

उजनीच्या काठावर गळ टाकणाऱ्या सोलापूरकरांनो, चिलापी कशीही निघते. भीमेचा मोठा कटला ओढायला लागला की मूठ पक्कीच हवी.

आधी मूठ साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. घाम आणि माशाचा चिकटा राहिला तर वर काहीच टिकत नाही. कॉर्क असेल तर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवला तरी पुष्कळ. गुळगुळीत फोमवर बॅडमिंटनची ग्रिप टेप ताणून गुंडाळा, कडा एकमेकींवर चढवत.

मला सर्वांत आवडते ती हीट श्रिंक नळी. आधी सुती दोरी अंतर सोडून तिरकी गुंडाळायची, वर नळी चढवून हीट गन लांबूनच फिरवायची. नळी आवळते, दोरीचे उंचवटे बोटांना धरतात. आगीची ज्योत मात्र नको, फोम वितळतो. रील बसते ती जागा मोकळी सोडा.

तुम्ही काय गुंडाळता? फोटो टाका.