गेम खेळायचा आणि रेकॉर्डही करायचा, तर कमी पैशात संगणक कसा जोडावा?

ऊसतोडीचा हंगाम संपवून माणसे गावी परतली की तिसगावच्या बाजारपेठेत खरेदीला जोर येतो. कुणी मोबाइल घेतो, कुणी दुचाकीचा पहिला हप्ता भरतो. अशाच दिवसांत वस्तीवरचा अकरावीतला एक मुलगा आमच्याकडे एक कागद घेऊन आला. त्याला संगणकावर गेम खेळून त्याचे मराठीतून व्हिडिओ करायचे होते. कागदावर दुकानदाराने काढलेला हिशेब होता : जुना 'आय सेव्हन' प्रोसेसर, जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचा कॅबिनेट आणि दिव्यांचाच कीबोर्ड. पैसे आईवडिलांनी पाच-सहा महिने कोयता चालवून आणलेले. दुसऱ्या दिवशी आगाऊ रक्कम द्यायची होती.

आम्ही कागद वाचला आणि त्याला थांबवले. तो प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ सालचा होता. आणि त्या ग्राफिक्स कार्डात व्हिडिओ रेकॉर्ड करण्याचा भागच नसतो. रेकॉर्डिंगचा सगळा भार त्या जुन्या प्रोसेसरवर पडला असता.

हा प्रश्न एका मुलाचा नाही. पाथर्डी तालुक्यातच काय, कुठल्याही तालुक्याच्या गावात आपली मुले हेच विचारतात. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

रेकॉर्डिंग कोण करणार?

गेम खेळणे हे एक काम आणि त्याच वेळी तो रेकॉर्ड करणे हे दुसरे. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटतात. ती जशीच्या तशी साठवली तर डिस्क काही मिनिटांत भरेल. म्हणून ती दाबून लहान करावी लागतात. याला एन्कोडिंग म्हणतात. हे काम प्रोसेसरने केले तर गेम अडखळतो. त्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळा भाग असेल तर गेमवर फारसा परिणाम होत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत या भागाला एनव्हेंक म्हणतात, इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक.

स्वस्त कार्डांत खरी मेख इथेच आहे. जीटी १०३० मध्ये एन्कोडर नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डांतही नाही. ही कार्डे गेम चालवतात, पण रेकॉर्डिंगला हात लावत नाहीत. याउलट जीटीएक्स १६५० सुपर, आरटीएक्स ३०५० किंवा आरएक्स ६६०० मध्ये तो आहे. त्यामुळे दुकानात 'यावर गेम चालेल का?' एवढेच विचारू नका. 'यात एन्कोडर आहे का?' हेही विचारा.

प्रोसेसर : नावापेक्षा पिढी पाहा

'आय सेव्हन' म्हणजे मोठा आणि 'आय थ्री' म्हणजे छोटा, हा समज महागात पडतो. २०१३ चा कोअर आय७-४७७० आणि २०२२ चा कोअर आय३-१२१०० या दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. तरी नवा आय३ स्पष्टपणे वेगवान आहे. शिवाय विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. व्हॅलोरंटसारखा मोफत गेमही विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतो. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक इथेच अडतात.

इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसते. वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही, आणि क्विक सिंकही मिळणार नाही. थोडे पैसे वाचवताना हे अक्षर नजरेतून सुटू देऊ नका.

पैसे टप्प्याटप्प्याने घाला

आम्ही इथे रुपयांचे आकडे देत नाही, कारण भाव आठवड्याला बदलतात. २०२५ च्या अखेरीपासून तर रॅमचे भाव खूप चढले आहेत. त्याऐवजी क्रम सांगतो.

पहिल्या टप्प्यात वेगळे कार्ड घेऊ नका. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर घ्या. त्यात सहा कोअर आहेत आणि ग्राफिक्सही आहे. हलके गेम कमी सेटिंगवर चालतात, रेकॉर्डिंगही होते. अशा प्रोसेसरचे ग्राफिक्स रॅमच वापरते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. दोन पट्ट्यांमुळे रॅमचा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि गेममध्ये फरक जाणवतो. सोबत ५०० जीबीची एसएसडी पुरे.

पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर नको. नामांकित कंपनीचा, ८० प्लस शिक्का असलेला ५५० वॅटचा घ्या. पुढे कार्ड बसवताना तो बदलावा लागणार नाही, आणि निकृष्ट सप्लाय जळताना सोबत इतर भागही नेऊ शकतो. कॅबिनेट साधा पण हवा खेळती ठेवणारा असावा. मॉनिटर जुना चालेल.

दुसऱ्या टप्प्यात, वर्षभराने, एन्कोडर असलेले कार्ड घ्या. प्रत्येक भागाचे पक्के बिल मागा. वॉरंटी त्या बिलावरच मिळते. नगरला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाणार असाल, तर आधी दोन-तीन ठिकाणचे भाव लिहून घ्या.

वीज गेली तर?

गावात हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरा. त्यात फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साधी एमपी४ फाइल चालू असताना वीज गेली तर ती बहुधा उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचे रेकॉर्डिंग वाचते. नंतर ओबीएसमध्येच ती एमपी४ करता येते. शक्य असेल तर छोटा यूपीएस जोडा. तो खेळत राहण्यासाठी नाही, संगणक नीट बंद करण्यासाठी असतो.

जागेचा हिशेबही सोपा आहे. १२ एमबीपीएस दराने तासाभराचे रेकॉर्डिंग सुमारे ५.४ जीबी होते. इंटरनेटचा अपलोड वेग १० एमबीपीएस असेल, तर ते चढवायला ७२ मिनिटे लागतील. मोबाइल डेटावर हे परवडणारे नाही. म्हणून तासभर रेकॉर्ड करा, पण दहा मिनिटांचे कापून टाका. आणि आवाज स्वच्छ ठेवा. अंधुक चित्र लोक चालवून घेतात, खरखरणारा आवाज नाही.

कमाईचे काय?

इथे आम्हाला स्पष्ट बोलावे लागेल. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलेला वेळ लागतो, किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. बहुतेकांना त्याला बराच काळ लागतो. म्हणून या आशेवर हप्त्याने संगणक घेऊ नका, खासगी सावकाराकडून तर मुळीच नको. पैसे लावून खेळायच्या ॲपपासूनही दूर राहा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, तर ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे.

मग संगणक कशासाठी? गेम रेकॉर्ड करता करता मुलगा संकलन, आवाज, फाइलींची व्यवस्था शिकतो. हेच कौशल्य लग्नाच्या व्हिडिओपासून वृत्तवाहिनीपर्यंत कामी येते. त्याच संगणकावर बहिणीचा अभ्यास होतो, परीक्षेचा अर्ज भरला जातो आणि जयंतीच्या व्याख्यानाचे रेकॉर्डिंगही.

त्या मुलाने आगाऊ रक्कम दिली नाही. पहिल्या टप्प्याचा संगणक त्याने आमच्यासोबत बसून स्वतः जोडला. पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा काहीच झाले नाही, कारण रॅमची एक पट्टी नीट बसली नव्हती. ती त्यानेच शोधली. आता वस्तीवर कुणाचा संगणक बिघडला की लोक आधी त्याला बोलावतात. कार्डासाठी त्याचे पैसे साठवणे सुरू आहे. उरलेले पैसे त्याने आईकडे परत दिले, त्यातून पावसाळ्याआधी घराचे पत्रे बदलले.

तुमच्या गावात कुणी असा कागद घेऊन फिरत असेल, तर पैसे देण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि तो कागद एकदा वाचा.