मळ्यांतील मंडप : ऊन व आडोसा यांचा विचार

मळ्यांत विहीर, गोठा व खळें यांच्या जागा आपण विचारपूर्वक ठरवितों. परंतु माणसांनीं दुपारीं जेथें दोन घटका टेकावयाचें, ती जागा मात्र उरलेल्या पत्र्यांवर व उरलेल्या वाशांवर भागविली जाते. हा दोष आमच्याच हातून घडला, म्हणून तो प्रथम सांगतों. आम्हीं विहिरीजवळ पूर्वपश्चिम १० फूट व दक्षिणोत्तर १२ फूट असा मंडप उभारला आणि वारा यावा म्हणून पश्चिम बाजू मोकळी ठेविली. उन्हाळ्यांत दुपार कलली कीं ऊन सरळ आंत येई; शिवाय रस्ताही त्याच बाजूस. कामास आलेल्या बायका भाकरी खावयास मंडपांत न बसतां बांधावरच्या बाभळीखालीं बसत. तान्हें मूल असलेली बाई तर तिकडे फिरकतही नसे. खर्च आमचा झाला, सावली मात्र बाभळीनें दिली.

तो मंडप मोडून पुन्हां बांधण्यापूर्वीं आम्हीं तो संगणकावर बांधून पाहिला. ह्या कामास इ. स. २००० मध्यें निघालेली स्केचअप, किंवा विनामूल्य मिळणारी ब्लेंडर, अशा प्रणाली उपयोगी पडतात. खांब, भिंती व छप्पर यांचीं मापें दिलीं म्हणजे पडद्यावर मंडपाचा नमुना उभा राहतो. मग गांवाचें स्थान, तारीख व वेळ सांगितली कीं त्या घटकेस सावली कोठें पडेल तें दिसतें. कागदावरचा आराखडा लांबीरुंदी दाखवितो. हा नमुना वर्षाचें ऊन दाखवितो.

परंतु नमुना खरा ठरण्यास दोन गोष्टी बिनचूक लागतात. पहिली दिशा. मोबाईलमधील होकायंत्र जवळच्या लोखंडानें चुकतें. त्यापेक्षां सपाट जमिनीवर सरळ काठी रोवून तिच्याभोंवतीं वर्तुळ काढावें. सकाळीं सावलीचें टोंक वर्तुळास जेथें शिवतें व दुपारनंतर पुन्हां जेथें शिवतें, ते दोन बिंदु जोडले म्हणजे पूर्वपश्चिम रेषा मिळते. ही शंकूची जुनी रीत आजही भरंवशाची आहे. दुसरी गोष्ट वेळ. आपलीं घड्याळें ८२॥ अंश पूर्व रेखांशावरचीं; पुणें त्याच्या पश्चिमेस असल्यानें तेथें खरी मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरीनें ३५ मिनिटांनीं होते. प्रणालीस भारतीय प्रमाणवेळ सांगितली नाहीं, तर सर्व सावल्या सरकतात.

आतां उन्हाचा हिशेब पाहूं. पुण्याचा अक्षांश सुमारें १८॥. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हींचा सूर्य दक्षिणेस ४८ अंश उंचीवर असतो. २१ मार्चच्या सुमारास ७१॥ अंशांवर. मेच्या मध्यास व जुलैअखेर डोक्यावर. आणि जूनमध्यें डोक्यापलीकडे ५ अंश उत्तरेस. वळचणीची कड फरशीपासून ७ फूट उंच व खांबांच्या ३ फूट बाहेर धरली, तर दक्षिणेकडून थंडींत मध्यान्हीं ऊन खांबांच्या आंत सव्वातीन फूट येतें, आणि मार्चमध्यें तें खांबांपर्यंतही पोंचत नाहीं. म्हणजे थंडींत ऊब व उन्हाळ्यांत सावली, ही सोय एका वळचणीनें साधते.

पश्चिमेस मात्र वळचणीचा उपाय चालत नाहीं. मार्चअखेर साडेचारच्या सुमारास सूर्य ३० अंशांवर उतरतो. त्या वेळीं तीन फुटांची वळचण असूनही ऊन ९ फूट आंत शिरतें. आमच्या १० फुटांच्या मंडपांत तें जवळजवळ समोरच्या खांबांपर्यंत जाई. तिरप्या उन्हास उभाच अडसर पाहिजे.

आडोशाचा विचारही असाच मापानें होतो. संगणकावर पाहणाऱ्याचा डोळा कोठेंही ठेवतां येतो. आम्हीं तो प्रथम रस्त्यावर ठेविला. मंडपाच्या फरशीपासून मोजतां रस्त्यानें चालणाऱ्याची नजर ७ फुटांवर येते, कारण रस्ता उंच आहे. अंतर ३० फूट. खालीं बसलेल्या बाईचें डोकें ३ फूट उंच धरलें, तर ती भिंतीपासून ४ फुटांवर बसली असतां साडेतीन फुटांची भिंत पुरते; अगदीं आंत, १० फुटांवर बसली असतां ४ फूट लागते. म्हणून पश्चिमेची भिंत आम्हीं ४ फूट ठरविली व तिच्यावर वळचणीपर्यंत विटांची जाळी.

सबंध भिंत कां नको, असें कोणी विचारील. वारा कोंडतो, व रस्त्यावर कोण आलें तें आंतून दिसत नाहीं. जाळीचा गुण असा कीं, दिवसा बाहेर उजेड व आंत सावली असल्यानें आंतून बाहेरचें दिसतें, पण बाहेरून आंतलें फारसें दिसत नाहीं. जयपूरच्या हवामहालांत, १७९९ मध्यें, हेंच तत्त्व योजिलें आहे. आपल्या काळीं लॉरी बेकर यांनीं केरळांत साध्या विटांच्या जाळ्या पुष्कळ बांधल्या; तिरुवनंतपुरम येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या इमारतींत त्या पाहावयास मिळतात. जाळीची जाडीही महत्त्वाची. भोक ३ इंच उंच व भिंत ९ इंच जाड असेल, तर समोरचा सूर्य १८ अंशांच्या खालीं येईतों त्याचें ऊन भोकांतून थेट आंत येत नाहीं. म्हणजे मार्चमध्यें सूर्यास्तापूर्वींच्या सव्वा तासापर्यंत बचाव होतो. साडेचार इंची भिंतींत हीच मर्यादा ३४ अंशांवर जाते.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रात्रीं आंत दिवा लाविला कीं जाळीचा गुण उलटतो. बाहेरच्यास आंतलें सर्व दिसतें. तेव्हां दिवा जाळीच्या भिंतीलगत, ४ फुटांच्या खालीं व वरून झांकलेला असावा, किंवा जाळीस आंतून पडदा असावा. तसेंच वावटळींत पत्रा उडूं नये म्हणून बांधणी कशी करावी व जाळी किती लांब निराधार ठेवावी, हें जाणत्या गवंड्यासच विचारावें. सावलीचा नमुना तें सांगत नाहीं.

आणि नमुना आणखी एक गोष्ट सांगत नाहीं. जाळीचें चित्र आम्हीं कामावरील बायकांस मोबाईलवर दाखविलें, तेव्हां त्यांनीं पहिला प्रश्न केला तो आंत येण्याच्या वाटेचा. आमच्या नमुन्यांत ती रस्त्याकडून होती. ती पूर्वेस, विहिरीच्या बाजूस, नेली. सारें गणित बरोबर असूनही आमचा मंडप दुसऱ्यांदा रिकामा राहिला असता. म्हणून आमची सूचना अशी : विटा आणण्यापूर्वीं चार वासे रोवून त्यांस गोणपाट बांधावें, आठ दिवस तेथें माणसें बसूं द्यावींत, आणि ज्यांच्यासाठीं मंडप बांधावयाचा त्यांस आधीं विचारावें. संगणकावर भिंत हलविण्यास पैसा लागत नाहीं, मळ्यांत लागतो.