सव्वा महिन्याची रजा

आमच्या गल्लीत बाळंतिणीचे घर लांबूनच ओळखू यायचे. शेपांची धुरी, बाजेखालची शेगडी, तुपात तळलेल्या डिंकाचा वास. शेजारच्या काकू त्याला ‘सव्वा महिना’ म्हणत, आमच्या घरात ‘चिल्ला’, म्हणजे चाळीस दिवस. काकूंकडून आळिवाचे लाडू यायचे, अम्मीची ओवा-सुंठेची अछवानी तिकडे जायची. नावे दोन, हिशेब एकच: बाईच्या अंगाला सावरायला वेळ द्या.

हा हिशेब डॉक्टरांनाही मान्य आहे. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, ते उगीच नव्हे. २०११ पासून देशभर आलेल्या या घरभेटींमागे गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाची प्रेरणा आहे.

मात्र जुने सगळेच सोने नसते. माझ्या बहिणीला ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी मोजून दिले जाई. खरे तर अंगावर पाजणाऱ्या आईला पाणी जास्तच लागते. कोंडलेल्या खोलीतला धूर मायलेकरांना बाधतो. लाडवांबरोबर डाळ, पालेभाजी, अंडी हवीत. लोहाच्या गोळ्या सहा महिने चुकवू नयेत.

तासाभरात कापड भिजेल इतके रक्त जाणे, ताप, घाण वासाचा स्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर काढा उकळत बसू नका. १०८ ला फोन करा. दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, तर तेही दुखणेच समजा.

आता अवघड प्रश्न. आपल्या अंबड, घनसावंगीच्या गावांतून दरवर्षी माणसे ऊसतोडीला जातात. नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. फडावरच्या बाईच्या डोक्यावर मात्र मुकादमाची उचल असते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तिचा सव्वा महिना कोणी द्यायचा?

सरकारने, कारखान्याने द्यावा, हे खरेच. पण घरानेही द्यावा. आमच्यात या दिवसांत बाईला नमाज-रोजाचीही सूट असते. अल्लाहने जी सूट दिली, ती पाण्याच्या घागरीपुरती तरी आपण का देऊ नये?