कोऱ्या किल्लीचा भाव

आमच्या घरीं एक लोखंडी कपाट आहे. तें वडिलांच्या वेळचें. एकत्र कुटुंबांत जें कोणा एकाचें नसून सर्वांचें असतें, तें सारें त्याच्या पोटांत: घराचे कागद, मुलांचीं प्रमाणपत्रें, देवांचीं चांदीचीं उपकरणीं, आणि कार्यप्रसंगीं बँकेच्या लॉकरांतून दोन दिवसांपुरते घरीं आणलेले दागिने. गेल्या वैशाखांत धाकट्या बंधूंच्या मुलीचें लग्न होतें. सीमांतपूजनास निघावयाचें म्हणून थोरल्या वहिनींनीं कपाटास किल्ली लावली, जरा जोर देऊन फिरविली, आणि किल्लीचें मस्तक त्यांच्या बोटांत व दांते कुलपाच्या आंत अशी अवस्था झाली. कार्यालयांत मंडळी खोळंबलेली, मुलीची ठुशी कपाटांत, आणि बाहेर आम्ही सात-आठ सुशिक्षित माणसें त्या भोंकाकडे पाहत उभीं! कोणी चिमटा आणला, कोणी खोबरेल तेल. एका चिरंजीवांनीं मोबाईलवर या विषयाचा अभ्यास आरंभिला.

शेवटीं मंडईजवळ किल्ल्या करावयास बसणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्यास बोलाविलें. त्यानें केसाएवढे दांते असलेली करवतीची एक बारीक पात आंत सरकविली, डोळे मिटून दोन-तीनदां हात हालविला, आणि अडकलेला तुकडा खेंचून तळहातावर ठेवला. मग एका वांकड्या सळईनें कुलूपहि उघडून दिलें. सारें मिळून दहा मिनिटांचें काम. दागिने हातीं आले, पण तेवढ्या घाईंतहि मजमधला मास्तर जागा झाला आणि मीं दरडावून विचारलें, “इतकी फुसकी किल्ली कोणी रे केली होती ही?”

“मींच केली, गुरुजी,” तो शांतपणें म्हणाला. “तीन वर्षें झालीं. एकशेंवीस सांगितले होते. तुम्हीं सत्तरांत बसव म्हणालांत. मीं विचारलें, मग साधी देऊं का? तुम्हीं म्हणालांत, साधीच दे.”

हा संवाद झाल्याचें मला पक्कें आठवत होतें. सत्तर रुपयांत काम करून घेतल्याबद्दल घरीं येऊन मीं फुशारकीहि मारली होती. ‘साधी’ म्हणजे काय, हें मात्र तेव्हां विचारलें नव्हतें. कार्य पार पडल्यावर पंधरा दिवसांनीं नवी किल्ली घेण्याच्या निमित्तानें मीं त्याच्या बैठकीवर गेलों. तुटलेले दोन तुकडे जुळवून त्यानें ती आधींच कापून ठेविली होती. तो माल आणावयास रविवार पेठेंतील बोहरी आळींत निघाला होता. मीं म्हटलें, मीहि येतों. त्या सकाळीं जें पाहिलें व ऐकलें, तें वाचकांस सांगावेंसें वाटतें. कारण कुलूप नाहीं असें घर नाहीं, आणि किल्ली हरवली नाहीं असें कुटुंब तर मला अद्याप भेटावयाचें आहे.

प्रथम थोडें शब्दांविषयीं. जुन्या संवयीला इलाज नाहीं. ‘कुलूप’ अरबींतल्या ‘कुफ्ल’पासून आलें. ‘चावी’ आपल्याला पोर्तुगीजांनीं दिली. ‘किल्ली’ तेवढी ‘कील’ या संस्कृत शब्दाच्या कुळांतली. सप्तशतीच्या पाठापूर्वीं आपण अर्गला आणि कीलक म्हणतों, तीं नांवेंहि मुळांत दाराच्या अडसराचीं आणि खिळीचींच आहेत. शब्द जसे देशोदेशींचे, तसा या कारागिरांचा मालहि ठिकठिकाणचा असतो. आपल्या समोर जो माणूस घटकाभरांत किल्ली ‘करून’ देतो, तो वस्तुतः ती पूर्णपणें करीत नसतो. दांते न पाडलेली कोरी किल्ली तो विकत आणतो. तिला धंद्यांत ब्लँक म्हणतात. यंत्राच्या एका पकडींत आपली जुनी किल्ली व दुसरींत हें ब्लँक बसवितात. जुन्या किल्लीच्या दांत्यांवरून एक टोंक फिरतें आणि तसतसें शेजारचें फिरतें चाक कोऱ्या किल्लीस दांते पाडीत जातें. शेवटीं कानशीनें दोन हात मारले कीं काम झालें. म्हणजे हात त्याचा, परंतु धातु दुसऱ्याची. आणि किल्ली मोडली कीं नांव जातें तें मात्र हातवाल्याचें.

बोहरी आळींतल्या एका चहाच्या दुकानापाशीं त्याचे तीन समव्यवसायी भेटले. एक उपनगरांत दुकान थाटलेला, एक मोटारींच्या किल्ल्या करणारा तरुण, आणि एक साठी उलटलेले गृहस्थ. त्यांना सगळे ‘चाचा’ म्हणत. बायका जशा वाण्यांची तुलना करतात, तशी या चौघांनीं घाऊक व्यापाऱ्यांची उलटतपासणी चालविली होती. अमक्याचा दर काय, तमका उधारी किती दिवसांची देतो, कोणाच्या डझनांत अकराच भरतात, कोण खराब निघालेला नग परत घेतो आणि कोण ‘विकला तो विकला’ म्हणतो. मीं बाजूस बसून ऐकत होतों. शिक्षकांच्या खोलींत पाठ्यपुस्तकांची इतकी कसून चर्चा झालेली मीं कधीं ऐकली नाहीं.

सर्वांत मोठा वाद धातूचा. चांगलें ब्लँक पितळेचें असतें व वर निकेलचा मुलामा असतो. पितळ नेमकें कापलें जातें, यंत्राच्या चाकास त्रास देत नाहीं, व दररोजच्या वापरांतहि पुष्कळ टिकतें. लोखंडी ब्लँक स्वस्त. पण तें चाकाची धार खातें, आणि नवें चाक कांहीं स्वस्त नसतें. तिसरा प्रकार जस्ताच्या मिश्रधातूचा, सांच्यांत ओतलेला. वरून मुलामा असल्यामुळें तोहि पितळेइतकाच चकचकीत दिसतो. पण मानेशीं जोर बसला कीं कट्कन तुटतो. माझी ‘साधी’ ती हीच. कपाटाचें कुलूप लिव्हरचें; त्यांत आंतल्या पट्ट्या उचलून जड अडसर ढकलण्याचें काम किल्लीच्या दांत्यांना करावें लागतें. तेथें बळ हवें. उलट, दाराच्या लॅचमध्यें पिनांचें कुलूप असतें. अमेरिकेंतील धाकट्या लायनस येलनें १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत तें आजच्या रूपास आणलें. तेथें बळापेक्षां नेमकेपणा हवा. खांच केसभर चुकली तरी पिना ओळीस येत नाहींत. म्हणून चांगल्या व्यापाऱ्याच्या ब्लँकची जाडी प्रत्येक खेपेस तीच असते, आणि वाईटाच्या पुड्यांत दोन नग सारखे नसतात.

“मग स्वस्त माल घेतांच कशाला?” मीं विचारलें.

माझा विद्यार्थी हसला. शाळेंत त्रैराशिकांत हा हमखास नापास होत असे. त्यानें चहाच्या कपाशेजारीं बोटानें आंकडे काढून मला हिशेब सांगितला तो असा. “हा माल नऊ रुपयांचा, तो चौदाचा. शंभर नगांचे नऊशें आणि चौदाशें. नऊवाल्यांतले दहा परत येतात. दहा नवे नग, नव्वद रुपये. एकेकामागें अर्धा तास, म्हणजे पांच तास. माझा तास दीडशेंचा धरा, साडेसातशें झाले. एकूण सतराशें चाळीस. चौदावाल्यांतला एखादाच परत येतो: चौदा आणि पंचाहत्तर. एकूण चौदाशें एकुणनव्वद. स्वस्त माल मला अडीचशेंनीं महाग पडतो, गुरुजी. शिवाय परत आलेल्या दहांतले चार पुन्हां दारांत येत नाहींत, तें वेगळेंच. पण गिऱ्हाईक आधीं सत्तर म्हणतें ना!”

यावर बोलण्यासारखें मजजवळ कांहीं नव्हतें. गिऱ्हाईक समोरच बसलें होतें.

माल येतो कोठून, हेंहि मीं विचारून घेतलें. कांहीं येथल्याच दुकानांतून, कांहीं मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून. पण मूळ बहुधा उत्तर प्रदेशांतील अलीगढ. कुलुपांचा धंदा त्या शहरांत एकोणिसाव्या शतकापासून रुजलेला आहे, व आजहि तें त्याच नांवानें ओळखलें जातें. मुंबईंत १८९७ सालीं अर्देशीर गोदरेज यांनीं लालबागेंत कुलुपांचा कारखाना काढला. तो एका छपराखालचा कारखाना. अलीगढची रीत निराळी. तेथें एका कुलपाचें काम अनेक घरांतून फिरतें. एका घरीं ओतकाम, दुसऱ्या घरीं कानसकाम, तिसरीकडे घासून चकाकी, चौथीकडे मुलामा, आणि जोडणी आणखी कोठें तरी. यामुळें माल स्वस्त पडतो व तऱ्हा अगणित मिळतात. पण दर्जा सर्वस्वी त्या त्या हातावर राहतो. त्या स्वस्ताईची एक काळी बाजूहि आहे. घासकामाची धूळ आणि मुलाम्याच्या तेजाबी हौदांवरील वाफ यांत लहान मुलें राबत असल्याचें अभ्यासकांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत उजेडांत आणलें. बालमजुरीस आळा घालणारा कायदा १९८६ सालीं झाला. चाचा तरुणपणीं माल आणावयास तिकडे जात. ते एवढेंच म्हणाले, “फार स्वस्त मिळालें कीं मी विचारतों, हें कोणाच्या हातचें आहे? व्यापारी उत्तर देत नाहीं. मग मी घेत नाहीं.”

तिकडच्या कारखान्यांचे फिरते विक्रेते नमुन्यांचे जुडगे घेऊन इकडे येतात. दर सगळ्यांत कमी त्यांचा. पण पैसे आगाऊ, माल मालमोटारीनें, आणि पुड्यांत भलताच घाट निघाला तर पत्रव्यवहार करावा कोणाशीं? उपनगरांतल्या दुकानदाराचे असे तीन पुडे अजून पडून आहेत. बोहरी आळींतला व्यापारी डझनामागें वीस-पंचवीस अधिक घेतो, पण चार नग हवे असले तर चारच देतो, आणि कापतांना बिघडला तर नाक न मुरडतां बदलून देतो. लहान कारागिराला हें परवडतें. दोनशें तऱ्हांचे पुडे भरून ठेवण्याइतकें भांडवल त्याच्यापाशीं कोठून असणार?

मोटारवाल्या तरुणाचें गणित आणखी वेगळें. हल्लींच्या पुष्कळ मोटारींच्या किल्लीच्या डोक्यांत एक चिमुकली चिप असते. दांते बरोबर कापले तरी गाडीनें ती चिप ओळखली नाहीं तर इंजिन चालू होत नाहीं. त्याचा माल कुरिअरनें येतो. तो म्हणाला, “माझा व्यापारी दर चिपेमागें शंभर रुपये जास्त घेतो. पण मी रात्रीं दहा वाजतां महामार्गावर कोणाच्या गाडीपाशीं अडून उभा असलों, तर तो फोन उचलतो आणि कोणतें बटण दाबूं तें सांगतो. स्वस्तवाला दुसऱ्या दिवशीं अकराला उचलतो.”

मला कौटिल्य आठवला. अर्थशास्त्राच्या कण्टकशोधन अधिकरणांत त्यानें व्यापाऱ्याचा नफा ठरवून दिला आहे: देशी मालावर शेंकडा पांच, परदेशीवर शेंकडा दहा, आणि व्यापाऱ्यांनीं संगनमत करून माल अडविला तर एक हजार पण दंड. हें मीं त्या मंडळींस उत्साहानें सांगितलें. दुकानदार म्हणाला, “शेंकडा पांचावर तो आम्हांला चहा तरी पाजील काय?” सगळे हंसले. चाचा हंसले नाहींत. ते म्हणाले, “नफा घेऊं दे कीं त्याला. मी एकच पाहतों. माझ्याकडे नाहीं, शेजारच्याकडे मिळेल, असें जो सांगतो त्याच्याकडे मी जातों. जो जवळपासचें ब्लँक पुढें करून ‘चालून जाईल’ म्हणतो, त्याच्याकडे पुन्हां जात नाहीं.” या कसोटीवर मात्र चौघांचें एकमत झालें, आणि तिच्यांत उत्तीर्ण होणारीं दुकानें सगळ्या आळींत दोनच निघालीं. त्यांतल्या एकांत आम्ही गेलों. दुकानदारानें न सांगतां पुड्यांतून एक वांकडा नग काढून बाजूस टाकला व दुसरा घातला. पावती पक्की, करासकट. माझ्या विद्यार्थ्यानें मजकडे पाहून नुसती भुंवई उंचावली.

परततांना त्यानें माझी नवी किल्ली दिली. जाड पितळेची, हातांत वजन लागणारी. दीडशें रुपये म्हणाला, मीं दीडशें दिले. आणि म्हणाला, “गुरुजी, मूळ किल्ली सांपडली तर घेऊन या. ही मोडलेल्यावरून कापली आहे, आणि ती मोडलेली तरी मुळावरूनच कापलेली, नकलेची नकल. दर नकलेला थोडा फरक पडतो.” पोथ्यांचे पाठभेद असेच होतात हें मीं तीस वर्षें मुलांना शिकविलें, किल्लीलाहि पाठभेद असतो हें त्याच्याकडून शिकलों.

मूळ किल्ली कोणी तरी ‘नीट’ ठेवली होती, म्हणून ती कोणालाच सांपडत नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं देवांचीं उपकरणीं घांसावयास काढलीं, तेव्हां जुन्या गंधाच्या डबीखालीं ती वहिनींस मिळाली. मीं दोन्ही किल्ल्या घेऊन मंडईजवळ गेलों. त्यानें त्या एकमेकींस लावून उजेडांत धरल्या, एक डोळा मिटून पाहिलें, आणि यंत्र सुरू करीत म्हणाला, “तिसऱ्या दांत्यांत फरक आहे. ही मोडली नसती, पण पुढें-मागें अडली असती. बसा, दुसरी कापून देतों.”

त्याचे पैसे त्यानें घेतले नाहींत. फार आग्रह केला तेव्हां कोऱ्या नगाचे चौदा रुपये तेवढे घेतले.