घाटातली मॅरेथॉन: चढाचं भय, उताराचा भरवसा

घाटातल्या एखाद्या गावानं हाफ मॅरेथॉन जाहीर केली की नाव नोंदवणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: चढ किती आहे? उतार किती, हे सहसा कोणी विचारत नाही. उतार म्हणजे फुकटची कमाई, अशी आपली पक्की समजूत आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून त्याच रस्त्यानं परत येते. ती आता चांगलीच मोठी झाली आहे, हजारो लोक पळतात. पण तिच्यासारख्या, दोन-चारशे माणसांच्या छोट्या स्पर्धाही आता डोंगराकडच्या गावांत होऊ लागल्या आहेत. पहाटे शाळेच्या मैदानात जमायचं, ग्रामपंचायतीचा मंडप, पोह्यांची पातेली, बक्षीस द्यायला येणारे पाहुणे हमखास उशिरा. तिथं येणारे बरेच जण शहरातल्या सपाट रस्त्यांवर तयार झालेले असतात आणि सोबत सपाट रस्त्यावरच्या समजुतीही घेऊन येतात.

‘चढताना गेलेलं उतरताना वसूल होतं’

कागदावर यात थोडं तथ्य आहे. अल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरात पळणाऱ्यांना चढत्या आणि उतरत्या ट्रेडमिलवर पळवून ऊर्जेचा खर्च मोजला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातल्या सूत्रानं हिशोब केला तर ५ टक्के चढाला, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ५ मीटर वर, सपाटीपेक्षा साधारण ३० टक्के जास्त ऊर्जा लागते आणि तेवढ्याच उताराला सुमारे पाव हिस्सा वाचते. १० टक्क्यांवर दरी रुंदावते: चढाला दोन तृतीयांश जास्त, उताराला ४० टक्के कमी. म्हणजे जमाखर्च कधीच पुरता जुळत नाही, आणि चढ जितका तीव्र तितकी तूट मोठी. डोंगरी रस्ते बांधताना अभियंते चढ शक्यतो ५-६ टक्क्यांच्या आत ठेवायला बघतात, म्हणून घाटात पहिला आकडा लक्षात ठेवलेला बरा. मात्र वळणाची आतली कड मधल्या रस्त्यापेक्षा बरीच उभी असते. जवळचा रस्ता म्हणून तिथून चढणारा चार पावलं वाचवतो आणि मांड्या खर्ची घालतो.

खरी गोम ऊर्जेत नाहीच. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला जोरही लावावा लागतो. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते ती अशाच कामात. गंमत अशी की हे होत असताना दम लागत नाही, छातीचे ठोके आटोक्यात असतात, घड्याळावर पेस सुरेख दिसतो. बिल येतं ते नंतर.

अमेरिकेतली बोस्टन मॅरेथॉन याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण. हॉपकिंटन या लहान गावातून सुटणारा तो रस्ता शहरात पोचेपर्यंत एकूण सुमारे १४० मीटर खाली उतरतो. तरी लोकांच्या तोंडी नाव असतं ते हार्टब्रेक हिलचं, जी ३२ किलोमीटरच्या पुढे येते आणि चढते जेमतेम तीसेक मीटर. एवढ्याशा टेकडीनं तयारीच्या धावपटूंचे पाय का मोडावेत? कारण पहिल्या टप्प्यातल्या सुखाच्या उतारानं मांड्या आधीच पोखरून ठेवलेल्या असतात. आपल्याकडे पठारावरच्या गावातून सुटून खाली जाणारी आणि शेवटी पुन्हा वर चढवणारी स्पर्धा म्हणूनच सगळ्यांत फसवी. वर जाऊन खाली येणारी त्या मानानं प्रामाणिक.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला की ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय’ असं म्हणायची रीत आहे. त्याचा इथं संबंध नाही. जोराच्या धावण्यात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येतं. हे दुखणं एक ते तीन दिवसांनी ऐन भरात असतं आणि ते येतं स्नायूंना झालेल्या त्या इजेतून. मालिशनं बरं वाटतं, पण मालिश करून ‘ॲसिड बाहेर काढलं’ म्हणणाऱ्याला हसून सोडून द्यावं.

‘घाटाचा सराव म्हणजे चढाचा सराव’

पुण्या-मुंबईची मंडळी पूल शोधतात, इमारतीचे जिने चढतात, ट्रेडमिल उंच करतात. चांगलंच आहे. पण जिना चढून झाला की लिफ्टनं खाली येतात आणि ट्रेडमिल बहुतेक व्यायामशाळांत खाली झुकतच नाही. म्हणजे फुप्फुसं तयार होतात आणि ब्रेक कोरे राहतात.

उताराची एक मेहेरबानी आहे. स्नायूंना असा मार एकदा बेताचा दिला की पुढचे काही आठवडे तसाच मार कमी लागतो. हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. तेव्हा स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधीपासून, आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास उतारावर पळावं. पावलं छोटी, भरभर, अंगाखाली पडणारी; टाच पुढे फेकून अडवायचं नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र हे करू नये. स्पर्धेच्या चार दिवस आधी ‘रस्ता बघून येतो’ म्हणून अख्खा घाट उतरून येणारे दरवर्षी भेटतात, आणि ते सुरुवातीच्या रेषेवरच लंगडत असतात.

‘चाललो म्हणजे हरलो’

पायवाटेवरच्या स्पर्धेत, जिथं चढ १५ अंशांच्याही पुढे जातो, तिथं त्याच गतीनं वर जायचं तर पळण्यापेक्षा चालायला कमी ऊर्जा लागते, हे मोजलेलं आहे. डांबरी घाटात चढ इतका कधीच नसतो, त्यामुळे तिथं ‘चालणं शास्त्रीयदृष्ट्या चांगलं’ असा सरसकट निष्कर्ष काढू नये. पण तासाला सात किलोमीटरच्या आसपास रेंगाळत पळणारा आणि हात मारत झपझप चालणारा यांच्यात चढावर फरक फारसा उरत नाही. पहिल्याच्या छातीचे ठोके मात्र आकाशाला भिडलेले असतात. माझं मत विचाराल तर तीन तासांच्या आसपास पूर्ण करणाऱ्यानं चढावर कुठं चालायचं हे आधीच ठरवून ठेवावं, म्हणजे तिथं चालणं हा बेत होतो, नामुष्की होत नाही.

‘वर हवा विरळ, म्हणून धाप लागते’

कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर, महाबळेश्वर १,३७० च्या आसपास. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या ८५-८७ टक्के असतो. अव्वल धावपटूला त्याचा थोडा फटका जाणवेल. आपल्याला धाप लागते ती चढामुळे. लडाख मॅरेथॉनची गोष्ट वेगळी. लेह ३,५०० मीटरवर आहे, दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशावर येतो आणि तिथं आधी जाऊन राहिल्याशिवाय पळणं हा वेडेपणा आहे. सह्याद्रीत हे कारण पुढे करू नये.

‘घड्याळात २१.६ आलं, म्हणजे आयोजकानं अंतर चुकवलं’

निकाल लागल्यावरचं हे हमखास भांडण. अधिकृत अंतर मनगटावरच्या घड्याळानं मोजतच नाहीत. मोजतात सायकलनं. पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर नावाचं दातेरी यंत्र लावतात. चाकाच्या एका फेऱ्यात त्याचे तेवीस-चोवीस आकडे पुढे सरकतात. आधी पोलादी टेपनं आखलेल्या काहीशे मीटरच्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवायचं, मग स्पर्धेचा रस्ता मोजायचा आणि परत येऊन त्याच पट्ट्यावर पुन्हा तपासायचं. पुन्हा का? पहाटे गार असलेलं टायर ऊन वाढल्यावर फुगतं आणि आकडा बदलतो. शिवाय रस्ता कमी भरू नये म्हणून मुद्दाम हजारात एक एवढी भर घालतात: हाफला २१ मीटर, पूर्ण मॅरेथॉनला ४२.

मोजणारा सायकलस्वार वळणाच्या कडेपासून ३० सेंटिमीटर ठेवून, शक्य तितक्या जवळच्या रेषेनं जातो. आपण तसे पळत नाही. समोरच्याला ओलांडतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, खड्डा आणि शेणाचा पो चुकवतो. म्हणून सपाटीवर घड्याळ जास्तच दाखवतं. घाटात मात्र दोन्हीकडून घोळ होतो. कड्यामुळे अर्धं आकाश झाकलं जातं, उपग्रहांचे संदेश दगडावर आपटून येतात, आणि घड्याळ ठरावीक अंतरानं घेतलेले बिंदू सरळ रेषेनं जोडून केसाच्या पिनेसारखी वळणं कापून टाकतं. एकाचं २०.७, दुसऱ्याचं २१.६, आणि दोघंही एकाच रस्त्यानं पळालेले.

याचा अर्थ छोट्या स्पर्धेचं अंतर बरोबरच असतं असा मुळीच नाही. गाडीच्या मीटरवर मोजून चुना टाकलेल्या स्पर्धा बऱ्याच आहेत. भांडायचंच असेल तर ‘रस्ता कशानं मोजलात’ एवढं विचारा. सायकल म्हणाले तर आपलं घड्याळ खिशात घाला.

आणि अंतर चोख असलं तरी घाटातली वेळ सपाटीवरच्या वेळेशेजारी मांडता येत नाही. जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकाचा ठोकताळा किलोमीटरच्या भाषेत असा: चढाच्या प्रत्येक टक्क्याला आठेक सेकंद जातात, उताराच्या प्रत्येक टक्क्याला पाचच परत येतात. तेही उतरता येणाऱ्यांना. उलट बाजूनंही हेच. नुसता घाट उतरणाऱ्या रस्त्यावर काढलेली ‘सर्वोत्तम वेळ’ मित्रांत सांगायला ठीक. विश्वविक्रमासाठी रस्ता किलोमीटरमागे १ मीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये आणि सुरुवात व शेवट यांतलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त असू नये, असा नियम आहे. २०११ साली केनियाचा जेफ्री मुताई बोस्टनमध्ये २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत पळाला. त्याआधी मॅरेथॉन इतक्या वेगानं कोणी पळालं नव्हतं, तरी ती वेळ विक्रमाच्या पाटीवर चढली नाही.

चढाचं नवल करणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की मॅरेथॉनचा जन्मच चढावरचा. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन गावातून अथेन्सला जाणारा, चाळीसेक किलोमीटरचा रस्ता मध्ये लांबवर चढत जातो. तो २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत पळून जिंकणारा स्पिरिडॉन लुईस पाणी वाहून पोट भरणारा गावकरी होता.

‘दिसेल तिथं पाणी प्या’

कमी पाण्याचा धोका सगळ्यांना ठाऊक आहे, जास्त पाण्याचा कोणालाच नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं. त्यांच्यातला समान धागा म्हणजे शर्यतीत वजन घटण्याऐवजी वाढलेलं, आणि चार तासांहून जास्त लागलेला वेळ. हळू जाणाऱ्याला घाम कमी येतो आणि टेबलं जास्त वेळा भेटतात, असं ते गणित. डोंगरी स्पर्धेत वेळ लांबतोच. तहान लागेल तसं प्यावं. डोकं दुखून मळमळायला लागलं, बोटातली अंगठी घट्ट व्हायला लागली तर आणखी पाणी नको, डॉक्टर हवा.

पायात गोळे आले की मीठ चाटवतात. लांबच्या शर्यतींत गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तात क्षारांचा विशेष फरक आढळलेला नाही. थकलेला स्नायू आणि झेपेल त्यापेक्षा जास्त ठेवलेला वेग हेच कारण मोठं. थांबून पोटरी ताणली तर लगेच उतार पडतो, तो त्याच कारणानं. मीठ-लिंबाचं सरबत चवीला उत्तम, जरूर घ्या.

‘पळून गुडघे झिजतात’

घरची मंडळी हे वाक्य स्पर्धेच्या आदल्या रात्री म्हणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात लाखाहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली होती. हौसेनं पळणाऱ्यांत गुडघा किंवा खुब्याची संधिवाती झीज ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के, आणि व्यावसायिक पातळीवर वर्षानुवर्षं पळणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, हेही यात धरायला हवं. तरी ‘झिजतात’ हे सरसकट विधान टिकत नाही. उतारावर वाटीवरचा भार वाढतो हे मात्र खरं. ज्याला वाटीमागे आधीपासून दुखतं त्यानं घाटाची हौस जरा पुढे ढकलावी.

‘छोटी स्पर्धा, म्हणजे सोपी’

गर्दी नाही, म्हणून आडोसा नाही, पेसर नाही, ज्याच्यामागे लागावं अशी पाठ नाही. बाराव्या किलोमीटरला वळणावर मागेपुढे कोणी नसतं; एक एसटी, दोन म्हशी आणि ‘अजून लय लांब हाय’ सांगणारे आजोबा. रस्ता बहुधा अर्धाच बंद असतो. पावसाळ्यात कडेच्या डांबरावर शेवाळ असतं, दरडीतून सुटलेले खडे असतात, आणि उतरताना नेमकं तिथूनच जावं लागतं.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. पाण्याची टेबलं कितव्या किलोमीटरला आहेत? कटऑफ चुकला तर खाली आणायला गाडी आहे का? आणि रुग्णवाहिका घाटाच्या कोणत्या टोकाला उभी असेल? ‘मैदानात’ असं उत्तर आलं तर दुसरी स्पर्धा बघा. एकेरी घाटात, समोरून दोन-चारशे माणसं पळत येत असताना, रुग्णवाहिका वर पोचणार नाही.