आसाचे भोक

तुंबा झिजला की बैलगाडीचे चाक डुगडुगू लागते, हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. तोच रोग एका खेळण्यालाही जडतो. त्याचे कारण व इलाज आज पाहू.

खाचेतून धावणारी विजेची मोटार हे ते खेळणे. फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली इंग्लंडमध्ये 'स्केलेक्स्ट्रिक' या नावाने ते पुढे आणले. मार्गात एक लांब खाच असते. गाडीखालची जीभ त्या खाचेत राहते. खाचेच्या दोन्ही अंगांच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज मिळते, आणि मोटर दातेरी चाकांकरवी मागचा आस फिरवते.

आता फरक पाहा. बैलगाडीचा आस स्थिर असतो. चाक त्याच्याभोवती फिरते, म्हणून झीज तुंब्यात होते. या खेळण्यात चाके आसाला घट्ट असतात आणि आसच सांगाड्याच्या दोन भोकांत फिरतो. आस पोलादाचा, सांगाडा बहुधा प्लॅस्टिकचा. धूळ शिरली, वंगण आटले, की मऊ वस्तू झिजायचीच! त्यात दात्यांचा रेटा नेहमी एकाच बाजूला, म्हणून भोक अंड्यासारखे लांबट होते. आस डोलतो, दात्यांची पकड सुटते, दाते खरवडतात. मग नवे दाते बसवून काय उपयोग? दुखणे भोकात आहे. चाक दोन बोटांत धरून वरखाली हलवा, म्हणजे कळेल.

इलाज पितळी नळीचा. आस पुष्कळदा ३/३२ इंच, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर नीट फिरेल अशी, बाहेरून १/८ इंच जाडीची नळी घ्यावी. पण झिजलेल्या भोकात एकदम ड्रिल घालू नये. ते झिजलेल्या बाजूलाच ओढले जाते. आधी बारीक गोल कानशीने न झिजलेली बाजू घासून भोकाचा मध्य मूळ जागी आणावा. मग ड्रिल हाताने सावकाश फिरवावे. वेगाने फिरवले तर प्लॅस्टिक वितळते.

खरी मेख पुढेच आहे. दोन्ही भोके एका रेषेत हवीत. म्हणून नळीचे दोन तुकडे एकाच सरळ आसावर ओवून भोकांत बसवावेत, आस गाडीला काटकोनात आहे ना ते पाहावे, आणि मगच इपॉक्सीने चिकटवावे. आसाला आधी तेलाचा पुसट हात द्यावा, नाही तर तोही चिकटेल! एकच भोक झिजले असेल, तरी चांगल्या भोकातून आस ओवूनच दुसरे जुळवावे.

पुढच्या आसाची गोष्ट मात्र निराळी. त्याला मोटरचा रेटा नसतो. काही शौकीन तेथले भोक मुद्दाम उभे लांबट करतात. आस वरखाली सरकतो, चाके जिभेला उचलून धरत नाहीत, आणि जीभ खाचेत पुरती बसते.

म्हणजे लांबट भोक मागे दोष, पुढे सोय! झिजून झालेले भोक आणि मापून केलेले भोक यांत हाच फरक. शिक्षकमित्रांनी मुलांच्या हाती कानस देण्यापूर्वी भोकाचे माप त्यांच्या वहीत लिहून घ्यावे. प्लॅस्टिक एकदा घासले, की परत येत नाही.