स्फटिकावरचा डाग आणि पाण्याचा थेंब

लेसरचा शोध लागून जेमतेम सहा वर्षे झाली होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन आणि त्यांचे सहकारी लिथियम नायोबेटच्या स्फटिकांतून लेसरचा झोत सोडून पाहत होते. हा स्फटिक खाणीत मिळत नाही. वितळलेल्या द्रावातून हळूहळू ओढून तो वाढवावा लागतो. प्रकाशाचा रंग बदलण्यासाठी तो मोलाचा. पण जिथून झोत जाई, तिथला अपवर्तनांक बदले आणि झोत विस्कटे. १९६६ साली या दोषाची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे त्याला ‘प्रकाशजन्य इजा’ असे नावच पडले.

या इजेच्या मुळाशी होते लोह. स्फटिकात अशुद्धी म्हणून आलेला लोहाचा आयन हिरवा किंवा निळा प्रकाश शोषून एक इलेक्ट्रॉन सोडतो. एरवी असा इलेक्ट्रॉन कुठल्याही दिशेला भटकला असता. परंतु या स्फटिकाची रचना एका अक्षावर दोन्ही टोकांकडून सारखी नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन एकाच दिशेला अधिक सरकतात आणि पुढे दुसऱ्या लोह-आयनांत अडकतात. मागे धन प्रभार, पुढे ऋण. स्फटिक अंधारात जवळजवळ वीजरोधक असल्याने त्यांना परतीची वाट नाही. प्रभार साचत जातो आणि विद्युतक्षेत्र सेंटीमीटरमागे लाख व्होल्टच्या घरात पोहोचते. हवेत ठिणगी पडायला सुमारे ३०,००० पुरतात, यावरून त्याचा जोर कळावा. १९७४ साली बेल प्रयोगशाळेतच या परिणामाची उकल झाली.

हे क्षेत्र स्फटिकात कोंडून राहत नाही, पृष्ठभागाबाहेरही थोडे डोकावते. केसांतून फिरवलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वाकते, हे आपण पाहिलेले असते. इथेही तेच घडते. जवळच्या थेंबात प्रभारांची विभागणी होते आणि क्षेत्र जिथे तीव्र, तिकडे थेंब ओढला जातो. कंगव्याच्या जागी असतो प्रकाशाचा ठिपका.

अ‍ॅश्किन यांना २०१८ साली नोबेल मिळाले ते प्रकाशाच्या चिमट्यासाठी. त्या चिमट्यात कणाला प्रकाश स्वतः धरतो. झोत बंद झाला की पकड सुटते. इथे प्रकाश फक्त लिहितो, ओढण्याचे काम स्फटिक करतो. म्हणून थोड्या शक्तीचा लेसरही पुरतो आणि प्रकाश गेल्यावरही लिहिलेले टिकते. पुसायचे तर स्फटिक तापवावा लागतो.

माद्रिदच्या संशोधकांनी २०२० साली या रीतीने पाण्याचे आणि जैविक द्रवांचे थेंब हलवून, धरून, दुभंगून आणि एकत्र करून दाखवले. स्फटिकावर त्यांनी तेलाचा थर ठेवला होता. त्याला कारण आहे. इवलासा थेंब उघड्यावर पटकन वाळतो. शिवाय पाण्यातले आयन पृष्ठभागाला थेट भिडले, तर प्रभार झाकून टाकतात. थेंबभर रक्त किंवा रसायन तपासणाऱ्या चकत्यांत एरवी विद्युतअग्रांची जाळी कोरावी लागते आणि थेंबाच्या वाटा तिथेच ठरून जातात. इथे तार नाही, पंप नाही. वाट ऐन वेळी प्रकाशाने आखता येते.

अडचणी मात्र याच गुणांतून उगवतात. जुनी रेघ पुसली जाईपर्यंत नवी आखताना ती आड येते. दुसरी अडचण गंभीर आहे. माद्रिदमध्येच २०११ साली असे आढळले, की लोहमिश्रित स्फटिकाच्या सान्निध्यात ठेवलेल्या अर्बुदाच्या पेशी प्रकाश पाडल्यावर मरतात. अर्बुदावर हल्ला करायचा असेल, तर ही आशा; पण थेंबातल्या जिवंत पेशी तपासायच्या असतील, तर तीच धास्ती. जे क्षेत्र थेंब वाहून नेणार, तेच आतल्या पेशीला इजा करणार नाही ना, हे प्रत्येक वापराआधी तपासावे लागेल.

आज लिथियम नायोबेट दोन प्रकारे घडवला जातो. ज्यांना लेसरचा झोत स्वच्छ हवा, ते द्रावात मॅग्नेशियम मिसळून इजा टाळतात. ज्यांना थेंब हलवायचे आहेत, ते मुद्दाम लोह मिसळतात, इजा व्हावी म्हणून.